पांढऱ्या पोवळ्याचा मजकूर

मु. पो. लिंबेवाडी, ता. खानापूर, जि. सांगली
दि. ९ फेब्रुवारी २०२४

चि. प्रांजल हिस,

आशीर्वाद आहेतच, ते आजोबाच्या रागावर अवलंबून नसतात. येथील सर्व क्षेम असे लिहून पुढे जाण्याची रीत आहे. परंतु येथे क्षेम नाही, आणि त्यास कारण तू आहेस, म्हणून ते वाक्य मी गाळले आहे.

तुझे तीन फोन आले. मी घेतले नाहीत. फोनवरील बोलणे कोण कोठे साठवून ठेवील याचा भरवसा उरलेला नाही. यापुढे जे सांगणे ते पत्राने, आणि पत्र रजिस्टर पोस्टाने. पोहोच पावतीवर तुझी स्वतःची सही असावी. साताऱ्यास खोलीत तुझ्यासोबत जी मुलगी राहते तिची सही चालणार नाही.

'मूस' या नावाने तू जे लिहितेस, ज्यास तुम्ही ब्लॉग म्हणता, त्यातील मागील महिन्याचा लेख मी विट्यास जाऊन कागदावर छापून आणला. झेरॉक्सच्या दुकानदाराने छापताना दोन वेळा माझ्याकडे पाहिले. त्यानेही एक प्रत स्वतःसाठी काढली असावी असा मला संशय आहे.

लेखात तू लिहितेस की, तुझे आजोबा सेलमला गलाईच्या धंद्यात होते, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करून देत असत. चौतीस वर्षांपूर्वी ते यात्रेसाठी गावी आले असता एका फौजीच्या बायकोने, नवरा सरहद्दीवर सुखरूप असताना, आपले मंगळसूत्र मोडण्यासाठी त्यांच्या हाती दिले. त्यावर तिने मुलीस मिरजेला नर्सिंगला घातले, नवऱ्यास 'सरकारी शिष्यवृत्ती मिळाली' असे कळविले, आणि तेव्हापासून तिच्या गळ्यात सोन्याचे पाणी दिलेल्या पितळी वाट्या आहेत.

नाव तू दिलेले नाहीस. गावाचेही दिलेले नाहीस. परंतु त्या दोन वाट्यांच्या मध्ये लाल नव्हे, पांढरट पोवळे होते, आणि ते काळ्या मण्यांसह तिला परत मिळाले, हे तू लिहिले आहेस. लिंबेवाडीत पांढरे पोवळे एकच आहे. पन्नास वर्षे हळदीकुंकवास रंगूबाईंच्या समोर बसलेल्या प्रत्येक बाईने ते पाहिले आहे.

दूध डेअरीचे सचिव पृथ्वीराज यांनी तो लेख फोनवरून सर्वांसमक्ष मोठ्याने वाचला. रंगूबाईंचे यजमान हंबीरराव तेथेच दुधाची किटली घेऊन उभे होते. 'माझ्या लेकीला सरकारनं शिकवलं, फौजीची लेक म्हणून', हे वाक्य त्यांनी आजवर किती लग्नांत, किती सभांत उच्चारले असेल याची गणती नाही. त्यांनी किटली तेथेच ठेवली व परस्पर मळ्यातील गोठ्यावर जाऊन राहिले. आज सोळा दिवस झाले. घरी येत नाहीत, रंगूबाईंच्या हातचे अन्न घेत नाहीत, त्यांचे नाव घेत नाहीत. त्र्याहत्तर वर्षांच्या त्या बाई एकट्या आहेत. परवा देवळाच्या पायरीवर एका बाईने त्यांस विचारले, 'वयनी, पितळंला चिंच लावता का लिंबू?' आणि बाकीच्या हसल्या.

हे तू केलेस.

ही गोष्ट दोघांस ठाऊक होती. रंगूबाईंनी ती कोणास सांगितलेली नाही. त्या माउलीने तेव्हा ढाळलेले अश्रू मी पाहिले आहेत. ती सांगणार नाही. मी सांगितलेली नाही. तेव्हा तुला कोणी सांगितली, ते नावानिशी कळवावे. लेख त्वरित काढून टाकावा. हंबीरराव घरी परत येईपर्यंत तू गावी येऊ नयेस.

नाथाजी तुकाराम जगदाळे


दि. २२ फेब्रुवारी २०२४

चि. प्रांजल हिस,

तुझे उत्तर पोहोचले. पाकिटाचा एक कोपरा उचकटलेला होता. पोस्टमनने 'मशिनीत फाटलं असंल' असे सांगितले, असो.

लेख काढलास, ठीक केलेस. परंतु 'मी कोणाचेही नाव लिहिले नव्हते' हे वाक्य तू एका पानात चार वेळा लिहिले आहेस. एकदा लिहिलेले पुरते. चार वेळा लिहिणाऱ्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास नसतो.

आणि गोष्ट कोणी सांगितली, या प्रश्नास 'ते मी समोर बसून सांगेन' हे उत्तर नव्हे. कोणास पाठीशी घालतेस?

मी माझ्या पद्धतीने तपास केला आहे. ज्ञानू सेलमला बावीस वर्षे माझ्या शेजारच्या पाटावर काम करीत होता. प्रथम त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, 'आरं गड्या, मला ठावं असतं तर चौतीस वर्सं पोटात ठिवलं असतं व्हय? फुगून मेलो असतो की!' त्याच्या शब्दावर न जाता मी त्यास एक बनावट गोष्ट सांगितली, की मी औंधच्या यमाईस चांदीची छत्री वाहणार आहे आणि हे कोणास बोलू नये. दुसऱ्या दिवशी दोन पाहुण्यांनी मला छत्रीचे वजन विचारले. तेव्हा ज्ञानू सुटला. ज्याच्या पोटात छत्री एक दिवस राहत नाही, त्याच्या पोटात पोवळे चौतीस वर्षे राहिले नसते.

तुझ्या आईस मी निराळी गोष्ट सांगितली. तुझ्या वडिलांस, तानाजीस, न विचारता सेलमचे दुकान विकणार आहे, असे. अंजनाने ऐकून घेतले व भाकरी थापीत राहिली. आज सात दिवस झाले, ती गोष्ट कोठूनही परत आलेली नाही. मी खोलीत गेलो की ती फोन पालथा ठेवते. जे माणूस एवढे पोटात ठेवू शकते ते आणखी काय काय ठेवीत असेल, याचा मी विचार करीत आहे.

तू लिहितेस, 'आबा, ब्लॉग लिहिणाऱ्यांना असे कोणी नियम शिकवत नाही.' तर मी शिकवितो. मी चौथी उत्तीर्ण आहे, परंतु गलाईवाला आहे, आणि आमच्या धंद्यास कायदा होता.

गिऱ्हाईक भट्टीसमोर बसते आणि सोने त्याच्या डोळ्यांदेखत मुशीत जाते. कोणाचे आहे, का मोडता, हे कारागिराने विचारावयाचे नाही. मंगळसूत्र आले तर प्रथम दोरा कापून काळे मणी आणि पोवळे उतरवायचे, कागदात न बांधता त्या बाईच्या तळहातावर ठेवायचे. तेवढे तिचे, भट्टीचा त्यावर अधिकार नाही. आणि ती उठून गेली की तिचे नाव पुन्हा ओठांवर आणावयाचे नाही, मरेपर्यंत.

हाच कायदा लेखणीस लावावा. जिवंत माणसाची गोष्ट त्यास विचारल्याशिवाय लिहू नये. विचारल्यावर तो गप्प राहिला तर तो होकार समजू नये. लहान मुलांचे काही लिहू नये. त्यांस नकार देता येत नाही. आजाऱ्याच्या उशाशी जे ऐकले ते उशाशीच ठेवावे. लिहून कोणाचे घर मोडणार असेल, तर लेख कितीही चांगला असो, तो चांगला नाही. आणि नाव घेऊ नये. सर्वांत मोठा नियम तोच. नाव न घेणाऱ्याकडून कोणाचे वाईट होत नाही.

हे शेवटचे वाक्य लिहून झाल्यावर माझ्या लक्षात येते की, नाव तर तूही घेतले नव्हतेस. तथापि पत्र शाईने लिहिले आहे, आणि खाडाखोड करणे मला आवडत नाही.

सांगणाऱ्याचे नाव कळवावे. हंबीरराव अद्याप गोठ्यावरच आहेत.

नाथाजी तुकाराम जगदाळे


दि. ४ मार्च २०२४

प्रांजल,

तुझे पत्र मिळाले. मी सांगितली?

गेल्या वर्षी सांगलीस माझ्या डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सहा दिवस पालथे निजावयास सांगितले होते, आणि तू रजा काढून माझ्यापाशी राहिलीस. ते उपकार मी विसरलेलो नाही. त्या सहा दिवसांत मला फक्त फरशी दिसत होती. बोलण्याखेरीज दुसरा उद्योग नव्हता. परंतु मी तुला धंदा सांगितला. माणसे सांगितली नाहीत. डोळा झाकलेला होता, अक्कल झाकलेली नव्हती.

तू म्हणतेस, ध्वनिमुद्रण आहे आणि ते माझ्या संमतीने केले आहे. असेल तर अंजनाच्या फोनवर पाठव. परंतु यंत्राने हल्ली कोणाचाही आवाज हुबेहूब बनविता येतो, असे पृथ्वीराज डेअरीवर सांगत होते, हेही ध्यानात ठेव. मी आवाजावर विश्वास ठेवीनच असे नाही.

नाथाजी जगदाळे


दि. १३ मार्च २०२४

चि. प्रांजल हिस,

आवाज माझा आहे. मध्ये येणारा खोकलाही माझाच आहे, आणि मागे सिस्टरने गोळीविषयी विचारलेले मला आठवते. यंत्रास ती सिस्टर ठाऊक असण्याचे कारण नाही.

अंजनाने फोन माझ्यासमोर स्टुलावर ठेवला व ती स्वयंपाकघरात गेली. दारात उभी राहून ऐकत असेल असे वाटून मी दोन वेळा उठून पाहिले. ती खरोखरच आत होती.

स्वतःचा आवाज मी प्रथमच ऐकला. लिहिताना मी जसा असतो तसा तो नाही. तो मनुष्य गावच्या बोलीत, मोठ्या फुशारकीने बोलतो. म्हणतो, 'लय दागिनं बघितलं पोरी, पर तसलं पवळं न्हाई बघितलं. पांढरं, दुधाच्या दातावानी. डाव्या वाटीला बारीक जोड. सोनार विट्याचाच, हात वळखून हाय मी.' त्यावर तू विचारतेस, 'आबा, हे रेकॉर्ड करतेय मी. चालेल ना? पुढे कधी लिहिलं तर?' आणि तो हसून म्हणतो, 'कर की! लिव की! नाव कुठं घेतोय मी?'

हे मी तीन वेळा ऐकले. तिसऱ्या वेळी अंजना बाहेर आली, तिने फोन उचलला आणि एवढेच विचारले, 'मामंजी, सेलमचं दुकान इकणार न्हाईसा न्हवं?' मी 'नाही' म्हटले. जवळजवळ चार आठवडे त्या बाईने ही काळजी एकटीने वाहिली. मी तिच्यावर संशय घेतला होता हे तिला सांगितलेले नाही. तूही सांगू नकोस.

आता माझी चूक कोठे झाली ते लिहितो. ही सबब नव्हे.

सेलमला दुपारी भट्टी शांत झाल्यावर आम्ही कारागीर डबे उघडीत असू. जेवता जेवता एकमेकांस सकाळचा दागिना सांगावयाचा, हा आमचा विरंगुळा होता. नक्षी कशी, जोड कोठे, कस किती. नाव कोणी घेत नसे. घेणाऱ्यास पंक्तीतून उठवीत असत. त्याने तेथे कोणाचे बिघडले नाही, कारण त्या दागिन्यांखालचे गळे आमच्या ओळखीचे नव्हते, आणि आमची भाषा त्या शहरास कळत नव्हती. एकेचाळीस वर्षे असे जेवल्यावर माझी अशी समजूत झाली की दागिना निराळा आणि माणूस निराळे. दागिना सांगणे म्हणजे काही सांगणेच नव्हे. गावात तसे नसते. येथे पोवळे म्हटले की रंगूबाई. हे येथील शेंबड्या पोरासही कळते. मला कळले नाही, आणि माझे ऐकून लिहिणाऱ्या तुलाही कळले नाही. विचारणे मात्र तू विचारलेस. ज्यांची गोष्ट होती त्यांस विचारले नाहीस, मला विचारलेस. आणि मी मालक असल्यासारखा होकार दिला.

तू जाहीर क्षमा मागणार म्हणतेस. ते करू नकोस. क्षमा मागितलीस की ज्यांनी लेख वाचला नाही तेही शोधून वाचतील. येथे येऊन रंगूबाईंच्या पाया पडते म्हणतेस. तेही आता नको. बायका तुला पाहून पुन्हा हसतील, आणि ते हसणे त्यांच्या दारात होईल.

मी प्रथम गोठ्यावर जाईन.

लेखातील एका वाक्याविषयी मला लिहावयाचे आहे. आज लिहीत नाही.

आजोबा


दि. २० मार्च २०२४

चि. प्रांजल हिस,

गोठ्यावर जाऊन आलो.

हंबीरराव तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजीत होते. त्या भाकरीचा नकाशा पाहवत नव्हता. मला पाहून म्हणाले, 'या. लेखिकेचं आजोबा आलं. काय, आता माझ्या भाकरीवर लिवायचं हाय का?'

मी उभ्यानेच सांगितले की प्रांजलला ती गोष्ट मी सांगितली. त्यांनी वर पाहिले. 'तू? न्हाई पटत. तुज्या तोंडातनं तर राम राम सुदिक इचार करून निघतो.'

'मीच सांगितली हंबीरराव. नाव घेतलं न्हाई, एवढंच.'

'नाव न्हाई घेतलं!' ते म्हणाले. 'म्हंजी मानूस मारलं, पर डोक्यावरची टोपी न्हाई काढली.'

त्यांनी भाकरी उलटली. ती मोडली. मग चुलीकडे पाहत म्हणाले, 'सोन्याचं मला काय न्हाई, गड्या. सोनं तिचं हुतं. आन् पोर शिकली ती चांगलंच झालं, उत्कर्षाच्या हाताखाली आज चाळीस नर्शी हायेत. पर मी चौतीस वर्सं शिष्यवृत्ती शिष्यवृत्ती करत हिंडलो. ती शेजारी बसून ऐकत हुती. एकदाबी नजर खाली घातली न्हाई तिनं. आता मला समदं तपासावं लागतंय. जेवताना हसली, ती कशाला हसली? मी सुट्टीवर आलो तवा रडली, ती खरी का? रातध्याड त्येच. मला का न्हाई इचारलं तिनं? त्ये जाऊन इचार. माझी जीब न्हाई उचलत.'

प्रांजल, संशय म्हणजे काय हे मला कोणी सांगावयास नको. गेला दीड महिना मी त्यातच राहत आहे. परंतु मी तुमच्या सर्वांवर घेतलेला संशय एका तारखेपुरता होता. त्यांचा पंचावन्न वर्षे मागे जातो.

त्यांचा प्रश्न घेऊन मी रंगूबाईंच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. दार उघडे होते. का परत आलो ते लिहिण्याची तयारी अद्याप नाही.

आजोबा


दि. ३१ मार्च २०२४

चि. प्रांजल हिस,

हे पत्र लांबेल. दोन वेळा सुरू करून फाडले आहे.

गुरुवारी रंगूबाईंनी अंजनाकडे निरोप दिला, 'तुज्या सासऱ्याला म्हणावं, त्यो कागूद घिऊन ये.' हंबीररावांसही त्यांनी गोठ्यावर निरोप धाडला होता, 'चार मानसांत तुमी ऐकलासा. आता मी ऐकणार हाय. यायचं तर या.'

मी छापील प्रत घेऊन गेलो. रंगूबाई ओसरीवर सुपात मटकी निवडीत बसल्या होत्या. हंबीरराव आले, परंतु उंबऱ्यापर्यंत न येता अंगणातील ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पाठ करून बसले. मी दोघांच्या मध्ये, जोत्यावर.

रंगूबाई म्हणाल्या, 'समद्या गावानं वाचलं. माझंच हाय म्हणत्यात, आन् मलाच कुणी वाचून दावलं न्हाई. वाच.'

हे आपणांपैकी कोणास सुचले नव्हते. तुला नाही, मला नाही. मी तुला नियम लिहून पाठविले, त्यांतही हा नव्हता.

मी वाचू लागलो. त्या मटकी निवडीत राहिल्या. शिष्यवृत्तीचा भाग आला तेव्हाही हात थांबला नाही. पुढे तू लिहिले आहेस, 'ती माउली ढसाढसा रडू लागली. आजोबा म्हणाले, बहिणी, पुस डोळे. तुझं नाव या ओठांवर कधी येणार नाही.'

'थांब,' त्या म्हणाल्या. 'कोण रडलं?'

मी म्हणालो, 'लिहिणारीने घातलं असेल. लिहिणारे घालतात थोडं.'

प्रांजल, तेथे मी तुझ्यावर ढकलले. हे तुला माझ्याकडूनच कळावे म्हणून लिहितो.

त्या म्हणाल्या, 'तिनं कशाला घालंल? ती हुती व्हय तिथं? तिथं दोघंच हुतो. मी रडले न्हाई, नाथाजी. आन् तू मला बहिणी म्हणाला न्हाईस. काय म्हणाला हुतास त्ये सांग. ह्येंच्यादेखत सांग.'

हंबीररावांनी मान वळविली नाही, परंतु ऐकत होते. मी कागदाकडे पाहत राहिलो. त्यात ते वाक्य नव्हते. असते तर वाचून मोकळा झालो असतो. शेवटी बोललो. मी तेव्हा म्हणालो होतो, 'नवरा जिता असताना मंगळसूत्र मोडतीस. तुजं तोंड बघायचं पाप मला नगं.'

'आन् मी काय म्हणाले?'

'तोंड बघू नगंस. सोनं बघ. तेवढंच तुला कळतंय.'

'हां,' त्या म्हणाल्या, आणि पुन्हा मटकी निवडू लागल्या.

हे असेच घडले होते. त्यानंतर मी दोरा कापला. सेलमला परत जाताना रेल्वेत मला माझ्या बोलण्याची लाज वाटली. पुढे केव्हा तरी मी मनातल्या मनात त्या बाईस रडविले, आणि स्वतःस चांगले बोलावयास लाविले. बत्तीस-तेहतीस वर्षांत ते इतके घट्ट झाले की तुला सांगताना मला खोटे बोलल्यासारखे वाटलेही नाही. पहिल्या पत्रात मी ते अश्रू पाहिल्याचे लिहिले आहे. ते वाक्य खोटे आहे. आणि त्यांच्या दारातून परत का आलो, तेही यावरून तुला समजेल.

रंगूबाईंनी मटकीतला एक खडा अंगणात टाकला. मग ट्रॉलीवरून हंबीरराव म्हणाले, 'आन् मला का न्हाई इचारलं?'

रंगूबाईंनी सुपातून मान वर केली नाही. 'इचारलं हुतं. शाळंच्या मास्तराकडनं पत्र लिवून घेतलं. उत्तर तुमच्या हातचं आलं. पोरीचं वय झालं, स्थळ बघा, शिकायचं खूळ पुरं. ट्रंकंत हाय. दावू?'

हंबीरराव बराच वेळ ट्रॉलीच्या फळीवरील रंग नखाने काढीत राहिले. मग म्हणाले, 'नगं. ठावं हाय.'

'ठावं हाय, मग गोठ्यावर का जाऊन बसलासा?'

हंबीररावांनी प्रथमच आमच्याकडे तोंड वळविले. मला म्हणाले, 'नाथाजी, पोरीला लिव. त्यो मजकूर काढ म्हणावं कायमचा.'

मी सांगितले की तो केव्हाच काढलेला आहे. त्यावर रंगूबाई म्हणाल्या, 'काढला म्हंजी काय? मानसांच्या टकुऱ्यातनं काढला का? त्या पृथ्वीराजाच्या फोनमदी हाय अजून; त्येच्या सुनेला दावत हुता. आता पुन्हा लिव म्हणावं तिला. रडल्यालं काढ. ह्यो जे बोलला त्ये घाल. मी बोलले त्येबी घाल. आन् माजं नाव घाल, रंगूबाई हंबीरराव. नाव नव्हतं म्हणून तर समद्यांनी चोरी धरल्यावानी वाचलं.'

'मग माझंबी पत्र घाला,' हंबीरराव म्हणाले. 'स्थळ बघा म्हणणारा कोण, त्ये कळू द्या.'

'न्हाई. तुमचं तिनं न्हाई लिवायचं. तुमचं तुमी सांगा, डेअरीवर उभं ऱ्हाऊन. तोंड हाय न्हवं? शिष्यवृत्तीचं सांगत हुतासा की.'

हंबीरराव ट्रॉलीवरून उतरले. त्यांचा पाय आखडला होता. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. ओसरीपाशी येऊन उभे राहिले व म्हणाले, 'भाकरी हाय का?'

'हाय. कालची.'

'असू दे.'

मी तेथून निघालो. मागे पाहिले नाही. पाहण्याचा अधिकार नव्हता. दुसऱ्या दिवशी दूध घालावयास ते गोठ्यावरून आले की घरून, हे मला सांगता येणार नाही, आणि मी कोणास विचारलेलेही नाही. तूही विचारू नयेस.

आता तुझ्या लेखाविषयी. रंगूबाईंचे नाव त्यांच्या सांगण्याप्रमाणे यावे. हंबीररावांचे पत्र येऊ नये, त्याचा उल्लेखही येऊ नये, मी ते तुला येथे लिहिले असले तरी. ते मी केवळ तुला कळावे म्हणून लिहिले आहे, आणि लिहिताना पुन्हा तीच चूक करीत आहे काय, असे मनात येऊन थांबलोही होतो.

माझ्या नावाविषयी मी निघताना रंगूबाईंस विचारले. त्या म्हणाल्या, 'तुजं तू ठरीव.' घरी येऊन तीन दिवस ठरविले. पहिल्या मसुद्यात 'एक कारागीर' असे लिहावे म्हणून कळविले होते, दुसऱ्यात 'माझे आजोबा'. दोन्ही फाडले.

माझे नाव घालावे, वडिलांच्या नावासह, आडनावासह, गावासह. मी जे बोललो ते वाक्य गावच्या भाषेत जसेच्या तसे यावे. शुद्ध करू नये. ते का बोललो याची कारणे देऊ नयेत. माझ्या वयाचा, डोळ्याचा, प्रामाणिक धंद्याचा उल्लेख त्या वाक्याच्या आसपास करू नये.

छापण्यापूर्वी मजकूर कागदावर उतरवून मजकडे पाठवावा, रजिस्टर पोस्टाने. मी तो ओसरीवर बसून रंगूबाईंस पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखवीन. त्या जेथे नको म्हणतील तेथे तू खोडशील. त्या सर्वच नको म्हणाल्या तर सर्वच जाईल, आणि तू रागावणार नाहीस.

माझ्या वाक्यापाशी आल्यावर आवाज खाली न आणता वाचावयाचे, असे मी ठरविले आहे. ओसरीवर त्या वेळी आणखी कोणी बसलेले असले तरीही.

नाथाजी तुकाराम जगदाळे